मुंज्याचे कर्तेपण : न मरणाऱ्या खलपुरुषाविषयी

परभणी जिल्ह्यात ‘मुंजाजी’ हे पुरुषाचे नाव आजही वारंवार कानी पडते. शाळेच्या हजेरीपटात, मतदारयादीत, लग्नपत्रिकेत ते सहज भेटते आणि ते उच्चारताना कुणाच्या मनात भयाचा लवलेश नसतो. पुण्या-मुंबईकडच्या मराठी माणसाला मात्र हे नाव ऐकून क्षणभर दचकायला होते; कारण त्याच्या भाषेत मुंजा म्हणजे भूत. मुंज झाली, पण सोडमुंज होण्यापूर्वीच मरण आले, अशा मुलाचे पिंपळावर वस्ती करणारे भूत. गोदावरीच्या या पट्ट्यातही ही कथा ठाऊक आहेच; पण इथे मुंजा शेताच्या बांधावर, पिंपळाच्या पारावर शेंदूर फासलेल्या दगडाच्या रूपातही बसलेला असतो. त्याला ‘मुंजाबा’ म्हणतात, नैवेद्य दाखवतात, आणि मुलाला त्याचे नाव ठेवण्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. एकाच मृत बालकाची ही दोन रूपे आहेत : एक पछाडणारे, दुसरे राखण करणारे. या दोन रूपांत लोकमानसाला विसंगती जाणवत नाही. ती जाणवते समीक्षकाला. आणि जाणवली की तिचे काय करावे, हे त्याला उमगत नाही.

याच जिल्ह्यातील मानवत या कापसाच्या बाजारपेठेच्या गावी नोव्हेंबर 1972 ते जानेवारी 1974 या काळात एकापाठोपाठ एक खून झाले. 1972 चा भीषण दुष्काळ अंगावर घेतलेला तो प्रदेश होता. सर्वोच्च न्यायालयापुढे पुढे जे प्रकरण आले त्यात दहा खुनांचा विषय होता. मारल्या गेलेल्या सर्व स्त्रिया होत्या आणि त्यांत लहान मुली होत्या. अभियोगपक्षाची मांडणी अशी होती की गुप्तधन मिळावे व अपत्यप्राप्ती व्हावी म्हणून पिंपळावरच्या मुंज्याला संतुष्ट करण्यासाठी हे बळी दिले गेले. तपासासाठी मुंबईहून गुन्हे अन्वेषण विभागाचे अधिकारी रमाकांत कुलकर्णी आले. खटला सत्र न्यायालयातून उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेला. 1977 मध्ये अंतिम निकाल लागला. काहींच्या शिक्षा कायम राहिल्या, काही सुटले. ‘मानवत हत्याकांड’ हे नाव तेवढे गावाला कायमचे चिकटले.

या घटनेविषयी मराठीत जे बोलले गेले, त्याचा बहुतांश भाग अंधश्रद्धा या एका शब्दात सामावतो. तो शब्द चुकीचा नाही. पण तो प्रश्न फार लवकर मिटवतो. मुंजा नाही, एवढे म्हटले की गुन्ह्याचा उलगडा झाला असे समजले जाते. प्रत्यक्षात इथून पुढेच खरी अडचण सुरू होते. जो नाही, त्याच्या नावाने जे घडले त्याचा कर्ता कोण? आणि जो नाही त्याला खलपुरुष ठरवल्याने नेमके कुणाचे काय हलके होते?

मराठी भाषेने या प्रश्नाची सोय आधीच करून ठेवली आहे, असे म्हणावेसे वाटते. आपल्याकडे ‘कर्ता’ आणि ‘करविता’ अशी जोडी आहे. भक्तीच्या क्षेत्रात ती शोभून दिसते. कर्तेपणाचा अहंकार गळावा म्हणून भक्त करवित्याकडे बोट दाखवतो. पण हेच व्याकरण दुष्कृत्यालाही तितकेच उपयोगी पडते. ‘खून केला’ या वाक्यात कर्ता उघडा पडतो. ‘हातून खून झाला’ म्हटले की कर्ता निमित्तमात्र होतो, हात तेवढा उरतो. ‘अंगात आले’ या वाक्यात तर ज्याच्या अंगात आले तो माणूस वाक्यरचनेतसुद्धा कर्तेपदावर नसतो. त्याचे अंग हे केवळ घडण्याचे ठिकाण असते. अलौकिक खलपुरुष म्हणजे या रिकाम्या ठेवलेल्या करवित्याच्या जागेवर बसवलेली मूर्ती होय. त्याला रूप, निवासस्थान, भूक आणि मागणी दिली की प्रयोजक क्रियापदाचा कर्ता तयार झाला. तो मरत नाही, कारण वाक्यातली ती जागा मरत नाही.

हा मुद्दा मुंज्यापुरता नाही, हे पाहण्यासाठी एका अगदी वेगळ्या संस्कृतीतील खलपुरुषाकडे वळणे उपयोगाचे ठरेल. ‘2000 एडी’ हे ब्रिटनमधील चित्रकथांचे साप्ताहिक 1977 मध्ये सुरू झाले. त्यातील ‘जज ड्रेड’ या मालिकेचा नायक भविष्यातील एका अजस्र शहराचा न्यायाधीश आहे; पोलीस, न्यायाधीश आणि शिक्षा अमलात आणणारा हे तिन्ही तोच. जानेवारी 1980 मध्ये लेखक जॉन वॅग्नर आणि चित्रकार ब्रायन बोलंड यांनी या मालिकेत ‘जज डेथ’ हा खलपुरुष आणला. तो दुसऱ्या एका जगातून येतो. तिथल्या न्यायाधीशांनी एक साधा तर्क शेवटापर्यंत नेला : सगळे गुन्हे जिवंत माणसेच करतात, म्हणून जगणे हाच गुन्हा. त्या तर्कानुसार त्यांनी आपले सारे जग निर्मनुष्य केले. आता जज डेथ उरलेल्या जगांना न्याय द्यायला निघाला आहे.

या खलपुरुषाला चार दशकांहून अधिक आयुष्य मिळाले, याचे श्रेय सहसा बोलंडच्या चित्रांना दिले जाते. दात विचकणारा, कुजलेल्या देहावर न्यायाधीशाचा गणवेश चढवलेला तो सांगाडा एकदा पाहिला की विसरता येत नाही, हे खरेच. पण भय वाटायला लावणारी चित्रे पुष्कळ असतात आणि त्यातली बहुतेक विसरली जातात. जज डेथ टिकला तो दोन गोष्टींमुळे. पहिली ही की, त्याचा तर्क नायकाच्या तर्काहून वेगळा नाही. ड्रेडही कायद्याला माणसापेक्षा मोठा मानतो. डेथ तेवढेच मानतो आणि थांबत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. जज डेथ हा आत्मा आहे. त्याला वावरण्यासाठी दुसऱ्याचा देह लागतो. एक देह नष्ट केला की तो दुसरा घेतो. पहिल्याच कथेत त्याला रोखले जाते ते मनकवड्या जज अँडरसनच्या बळावर. तो तिच्या शरीरात शिरतो, आणि ती त्याला आपल्या आतच कोंडून धरते; शेवटी तिलाच त्याच्यासकट पारदर्शक आवरणात बंद करावे लागते. 1990 च्या ‘नेक्रोपोलिस’ या कथेत तो आपल्या बंधूंसह संपूर्ण शहराचा ताबा घेतो. पण त्यांना परत आणण्याचे काम एका जजच्याच हातून होते. दर वेळी कुणी तरी आतला माणूस दार उघडतो. अमरत्व म्हणतात ते एवढेच असते : देह पुरवणाऱ्यांची न तुटणारी रांग.

मराठी वाचकाला ही गोष्ट अपरिचित वाटू नये. 1964 साली सुरू झालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून ‘फँटम’ हा अमेरिकी चित्रकथेचा नायक भारतात आला तेव्हा मराठीत त्याला ‘वेताळ’ हे नाव मिळाले. जंगलातील लोक त्याला अमर समजतात. वाचकाला मात्र ठाऊक असते की बाप मेला की मुलगा तोच पोशाख चढवतो. अमरत्व हा एक कौटुंबिक व्यवसाय आहे आणि वाचक त्या गुपितात सामील आहे. तिथे तो नायक असल्याने हे सारे गमतीचे वाटते. खलपुरुषाच्या बाबतीत वाचकाला अशा गुपितात सामील करून घेतले जात नाही, हे लक्षणीय आहे. त्याचे अमरत्व खरेच मानावे, अशी अपेक्षा असते.

मानवतकडे परत यायचे तर प्रश्न असा उभा राहतो : तिथे मुंज्याने काही मागितले होते काय? ज्या मुंजाबाला परभणीचा शेतकरी नैवेद्य दाखवतो त्याची भूक माफक असते. तो गुप्तधन राखतो अशी समजूत इतर अनेक भुतांविषयीही आहे. पण राखणदार असणे आणि कुमारिकेचे रक्त मागणे यांत मोठे अंतर आहे. ते अंतर मुंज्याने कापलेले नाही. त्याच्या वतीने बोलणाऱ्या कुणी तरी ते कापले. अलौकिक खलपुरुषाला स्वतःचा आवाज कधीच नसतो. त्याला प्रवक्ता लागतो. म्हणून अशा प्रकरणात नैतिक दृष्टीने निर्णायक क्षण सुऱ्याचा नसतो, वाक्याचा असतो. ‘मुंजा मागतोय’ हे वाक्य उच्चारणारा आणि ते ऐकून मान डोलावणारा यांच्यामध्ये गुन्हा पूर्ण होऊन जातो. पुढचे सारे अंमलबजावणीचे काम उरते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो हलका नाही. मुंजा मागतो आहे अशी ज्याची मनापासून खात्री होती, त्याला थंड डोक्याने सुपारी घेणाऱ्याच्या पंक्तीला बसवणे न्याय्य आहे काय? अज्ञान, दारिद्र्य, निपुत्रिकपणाचा समाजाने केलेला जाच, अशा वातावरणात जो घडला, त्याच्या श्रद्धेला काहीच वजन द्यायचे नाही काय? या आक्षेपाला उत्तर देताना विवेकवादी लेखक बरेचदा घाई करतात आणि माणसांऐवजी नमुने पाहू लागतात. परंतु श्रद्धा प्रामाणिक आहे असे धरून चालले तरी एक गोष्ट उरतेच. श्रद्धावानाला जेव्हा वाटते की आपले दैवत अमुक मागते आहे, तेव्हा ती मागणी पुरी करायची की दैवतच सोडायचे, हा निर्णय त्याचा स्वतःचा असतो. हजारो शेतकरी मुंज्याला मानत आले. त्यांच्यापैकी कुणी मुलीचा गळा कापला नाही. म्हणजे मुंज्यावरील श्रद्धेतून खून आपोआप निघत नाही. मध्ये एक निवड आहे आणि त्या निवडीची लालसेशी जी गाठ आहे ती श्रद्धेहून जुनी आहे. गुप्तधनाची आशा वजा केली, तर या मुंज्याचे किती उरते, हे पाहावे.

न्यायालयाने हा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला. त्या निकालाचा कायद्याच्या अभ्यासात आजही जो उल्लेख होतो तो बळींमुळे नव्हे, तर माफीच्या साक्षीदाराच्या जबानीमुळे. गुन्ह्यात स्वतः सामील असलेल्याच्या शब्दावर किती विसंबावे आणि त्याला स्वतंत्र पुष्टी कुठे हवी, याची चर्चा त्यात आहे. ही चर्चा कोरडी वाटते. पण तिच्यात एक नैतिक शहाणपण आहे. न्यायालयाच्या पिंजऱ्यात मुंज्याला जागा नव्हती. तिथे विचारले गेले ते एवढेच की कुणाच्या हाताने, कुणाच्या सांगण्यावरून आणि हे दुसरे कोण सांगू शकेल. करवित्याचे पद तिथे होते. पण त्यावर हाडामांसाचा माणूसच बसू शकत होता आणि तोही पुराव्यानिशी. कथेला पुष्टीची गरज भासत नाही. कथेत मुंजा बोलला की बोलला.

अमोल पालेकर यांनी 1981 साली दिग्दर्शक म्हणून केलेला पहिला चित्रपट ‘आक्रीत’ याच घटनेवर आधारलेला आहे. पटकथा विजय तेंडुलकरांची. तेंडुलकरांना हिंसेचे आकर्षण होते, असा एक सोपा आरोप त्यांच्यावर सतत होत आला. या चित्रपटाच्या संदर्भात तो आरोप तपासून पाहण्यासारखा आहे. इथे हिंसेचा उगम लालसेत, मालकीच्या भावनेत आणि स्त्री-पुरुषांच्या परस्परांवरील पकडीत शोधलेला आहे. मांडणी वास्तववादी आहे आणि प्रेक्षकाला पिंपळाकडे पाहून सुटका करून घेण्याची मुभा नाही. भयपटाची सगळी सामग्री हाताशी असताना तिचा मोह टाळणे, हा कलात्मक निर्णय तर आहेच. पण त्याआधी तो नैतिक निर्णय आहे. या चित्रपटाकडे मराठी समीक्षेने पुरेसे लक्ष दिले नाही, ही खंत इथे नोंदवायला हवी.

याच्या नेमकी उलटी वाट 2024 च्या ‘मुंज्या’ या हिंदी चित्रपटाने धरली. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार मराठी आहेत आणि कथा कोकणात घडते. त्यातला मुंजा हा मुळात एक हट्टी मुलगा आहे. मनाजोगत्या मुलीशी लग्न व्हावे म्हणून अघोरी विधीत तो सख्ख्या बहिणीचा बळी द्यायला निघतो आणि त्यातच स्वतः मरतो. म्हणजे भूत होण्यापूर्वीच त्याला खलपुरुष करून टाकले आहे. करमणूक म्हणून चित्रपट चांगला चालला आणि त्याविषयी नाक मुरडण्याचे कारण नाही. लोककथेला सतत नवे रूप मिळतच असते. तरीही एक गोष्ट अस्वस्थ करते. परंपरेतला मुंजा हे अपुरे राहिलेले आयुष्य आहे. त्याच्याविषयीच्या भयात अपराधभावाचा अंश आहे : हे मूल वाढायला हवे होते, वाढले नाही. पिंपळाखालचा दगड ही त्या अपुरेपणाची भरपाई होती. मुलाच्याच माथी बळीचा बेत मारला की ही भरपाई संपते आणि उरतो तो फक्त पाठलाग. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मानवत प्रकरणावरील ‘मानवत मर्डर्स’ ही मराठी वेबमालिका आली. एकाच वर्षात मुंजा एका पडद्यावर खलपुरुष होता आणि दुसऱ्या पडद्यावर माणसांच्या गुन्ह्याचे निमित्त. दोन्ही पाहणारा प्रेक्षक बहुधा एकच होता. त्याला या दोहोंचा सांधा कुणी जुळवून दाखवला नाही.

येथे कल्पित खलपुरुष आणि उसना खलपुरुष असा भेद करावासा वाटतो. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ (2018) मधील हस्तर हा धनाचा लोभी देवपुत्र चित्रपटकर्त्यांनी स्वतः रचलेला आहे. त्याचे देऊळ कुठल्याही गावी नाही, त्याचे नाव कुणी मुलाला ठेवलेले नाही; त्याला कितीही भीषण रंगवले तरी कुणाचा उपमर्द होत नाही. नारायण धारपांच्या कथांतील अघोरी शक्तीही बहुतांशी अशाच बाहेरून आलेल्या, अनामिक असतात. धारपांना गंभीर समीक्षेने दीर्घकाळ उंबऱ्याबाहेर ठेवले, पण हा संयम त्यांच्यापाशी होता. जज डेथही त्याच वर्गातला. मुंजा मात्र कुणाच्या तरी बांधावर राहतो. त्याला खलपुरुष करणारा लेखक शेजाऱ्याविषयी बोलत असतो.

जे अस्तित्वातच नाही त्याच्यावर अन्याय कसा होईल, असे कुणी विचारील. तर्काने याला उत्तर नाही. पण ‘2000 एडी’च्या परंपरेतच एक सूचक उदाहरण आहे. 1990 मध्ये सुरू झालेल्या ‘जज ड्रेड मेगझीन’मध्ये जज डेथचे बालपण क्रमशः छापले गेले. दंतवैद्याच्या घरातला तो मुलगा, त्याचे क्रौर्य, त्याचा बाप : हे सारे इतक्या विनोदी गांभीर्याने सांगितले आहे की वाचकाला हसू आवरत नाही. पुष्कळांना त्यामुळे तो खलपुरुष लहान झाल्यासारखा वाटला. ते साहजिक आहे. आई-बाप, घर, गल्ली मिळाली की दुष्टत्वाचा पत्ता लागतो, आणि पत्ता लागलेले दुष्टत्व अलौकिक राहत नाही. मुंज्याचे उलटे आहे. त्याला आधीपासूनच बालपण आहे. किंबहुना बालपणाखेरीज त्याच्यापाशी दुसरे काहीच नाही. त्याला खलपुरुष करायचे तर ते आधी पुसावे लागते. मानवतमध्ये मुंज्याच्या वतीने बोलणाऱ्याने हेच केले. अकाली मेलेल्या एका बालकाच्या तोंडी दुसऱ्या बालकांच्या मरणाची मागणी घातली. या गुन्ह्यातला सर्वांत भेसूर भाग कदाचित हाच असेल, आणि तो दंडसंहितेच्या कोणत्याही कलमात बसत नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या 20 ऑगस्ट 2013 रोजी झालेल्या हत्येनंतर महाराष्ट्रात नरबळी व अघोरी प्रथांना प्रतिबंध करणारा कायदा झाला. तो करताना देवाधर्मावर घाला येतो असा ओरडा झाला होता. कायदा वाचला तर असे दिसते की देव किंवा भूत आहे की नाही, या वादात तो पडतच नाही. अलौकिक शक्तीचा दावा करून दुसऱ्याला लुबाडणारा, भय घालणारा, अमानुष कृत्याला उद्युक्त करणारा माणूस तो पकडतो. म्हणजे मुंजा नव्हे, मुंज्याच्या वतीने बोलणारा. मानवतच्या वेळी असा कायदा नव्हता. सुरा चालेपर्यंत थांबावे लागत होते.

मारल्या गेलेल्या दहा जणींविषयी मात्र साहित्य, चित्रपट आणि वेबमालिका या तिन्हींना सांगण्यासारखे फारसे सापडलेले नाही. त्या येतात त्या प्रेत होण्यासाठी. त्यांतल्या लहान मुली ज्या वयात मारल्या गेल्या त्या वयात मेलेल्या मुलीला लोकपरंपरेत मुंजा होता येत नाही. मुंज मुलाचीच होते. त्यांच्या नावाचा दगड कुठल्या पारावर नाही. परभणीकडच्या एखाद्या शाळेत आजही हजेरी घेताना गुरुजी ‘मुंजाजी’ म्हणून हाक मारतात आणि मागच्या बाकावरून ‘हजर’ असे उत्तर येते.